दुखणे तसेच राहिले, तरी देव चांगला: मफीबोशेथाची पंगत

पेरूची सावली

आमच्या ख्रिस्ती मंडळीत दर वर्षी ३१ डिसेंबरच्या रात्री जी उपासना होते, तिच्यात उपदेशाच्या आधी साक्षी होतात. सरत्या वर्षात देवाने काय दिले, ते एकेकाने उभे राहून सांगायचे असते. गेल्या खेपेला कुणाच्या मुलीला नोकरी लागली होती, कुणाच्या बोअरला पाणी लागले होते, एका काकूंच्या गाठीचा अहवाल चांगला आला होता, आणि प्रत्येक साक्षीच्या शेवटी सारी मंडळी ‘देव चांगला आहे’ असे एका सुरात म्हणत होती. माझा सोळा वर्षांचा मुलगा बाकांच्या रांगेच्या कडेला, चाकांच्या खुर्चीत, माझ्या शेजारी बसला होता. घरी परतताना त्याने मला विचारले, ‘आई, तू माझ्याबद्दल कधीच साक्ष का देत नाहीस?’

त्याला मस्क्युलर डिस्ट्रॉफी आहे. ज्यांना हा आजार माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, की यात स्नायूंची ताकद हळूहळू कमी होत जाते आणि गेलेली ताकद परत येत नाही. अकराव्या वर्षी त्याचे चालणे पूर्ण थांबले. आम्ही उपास केले, रात्रीच्या प्रार्थना केल्या, जिथे कुणी हात ठेवून प्रार्थना करतो असे कळले तिथे त्याला घेऊन गेलो. अशाच एका सभेत बाहेरगावाहून आलेल्या उपदेशकांनी, मुलाच्या देखत, आम्हाला सांगितले, की या घरात कुणाचा तरी विश्वास कमी पडतो आहे आणि म्हणून आशीर्वाद दाराशी येऊन परत जातो आहे. मी ते तीन वर्षे खरे मानले. या तीन वर्षांत मी देवासमोर गुडघे टेकत होते, पण उधारी थकलेला माणूस दुकानदारासमोर जसा उभा राहतो, तशी माझी अवस्था होती.

मुलाच्या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. पुढच्या आठवड्यात नेहमीच्या वाचनात पवित्र शास्त्रातल्या दुसऱ्या शमुवेलाच्या पुस्तकाचा नववा अध्याय आला. तो मी लहानपणापासून ऐकत आले आहे, पण त्या दिवशी मी त्याच्या शेवटच्या वाक्याशी थांबले.

गोष्ट थोडक्यात अशी आहे. शौल राजा आणि त्याचा मुलगा योनाथान लढाईत पडतात. ती बातमी येताच योनाथानाच्या पाच वर्षांच्या मुलाला घेऊन त्याची दाई पळत सुटते, तो तिच्या हातून पडतो आणि दोन्ही पायांनी लंगडा होतो. त्याचे नाव मफीबोशेथ. पुढे दावीद राजा होतो. जुन्या राजघराण्यातील वारसांना संपवून टाकणे ही त्या काळची रीत, आणि म्हणूनच हा मुलगा लो-दबार नावाच्या आडगावी दुसऱ्याच्या घरी दडून मोठा झाला असावा, असे मला वाटते. दावीद विचारतो, की योनाथानाकरिता ज्याच्यावर दया करावी असा शौलाच्या घराण्यातला कुणी उरला आहे काय? मफीबोशेथाला आणले जाते. तो भीतीने पालथा पडतो आणि स्वतःला मेलेला कुत्रा म्हणवून घेतो. राजा त्याला आजोबांची जमीन परत देतो आणि आपल्या मुलांप्रमाणे त्याने नित्य आपल्या पंगतीला जेवावे असे सांगतो. अध्यायाचा शेवट असा आहे, की तो यरुशलेमेत राहिला, कारण तो नेहमी राजाच्या पंगतीस जेवत असे. आणि तो दोन्ही पायांनी लंगडा होता.

लंगडा होता, हे आपल्याला आधीच सांगून झालेले आहे. लिहिणाऱ्याने ते पुन्हा शेवटी का लिहिले असेल? मला असे वाटते, की वाचणाऱ्याने चुकूनही असे समजू नये, की राजाची कृपा झाली म्हणजे पाय बरे झाले असतील. पाय बरे झाले नाहीत. पंगतीतली जागा मात्र खरी होती, रोजची होती, आणि तिच्यासाठी त्याने काहीही केलेले नव्हते.

पंगत या शब्दाचे मोल आपल्याकडे कुणाला समजावून सांगावे लागत नाही. अमेरिकन मराठी मिशनचे काम १८१३ मध्ये मुंबईत आणि १८३१ मध्ये अहमदनगरला सुरू झाले, आणि पुढे नगर जिल्ह्यातल्या खेड्यापाड्यांतून जी माणसे ख्रिस्ताकडे आली, त्यांच्यात गावकुसाबाहेरची घरे फार मोठ्या संख्येने होती. माझ्या आजेसासूबाई अशाच घरातल्या होत्या. गावजेवणात त्यांच्या माणसांची जागा शेवटी आणि लांब असे, आणि वाढप वरून टाकले जाई. बोर्डिंगात गेल्यावर पहिल्याच दिवशी सर्व मुलींबरोबर एका ओळीत ताट मांडलेले त्यांनी पाहिले, आणि पहिल्या प्रभुभोजनाच्या वेळी एकच प्याला हातोहात फिरला. कृपा म्हणजे काय, असे त्यांना विचारले, तर त्या एवढेच म्हणत, ‘आपल्याला ताटावर बसवलं.’ त्यांचे दारिद्र्य त्यानंतरही कितीतरी वर्षे गेले नाही. मंडळ्यांतूनही जात पुरती गेली नाही, हे मला दिसते आणि त्याची मला लाज वाटते. पण त्या बाईंनी जे चाखले होते ते खोटे नव्हते.

माझे म्हणणे असे आहे, की आपण साक्षींमध्ये देवाचे चांगुलपण मोजायला जी मापे वापरतो, ती मुळात चुकलेली आहेत. नोकरी, व्हिसा, अहवाल, पाणी या देवाच्याच देणग्या आहेत आणि त्यांबद्दल उपकारस्तुती करावी. परंतु ज्याला त्या मिळाल्या नाहीत, त्याच्या वाट्याला कृपा कमी आली असे त्यातून आपोआप सुचवले जाते, आणि ते सुचवणे शुभवर्तमानाच्या विरुद्ध आहे. तुमच्यापैकी ज्यांची दुखणी तशीच राहिली, त्यांनी देवाचे चांगुलपण कसे ओळखले, हे मला या धाग्यावर मनापासून वाचायचे आहे.

जुना फळा

ताई, मी पस्तीस वर्षे पवित्र शास्त्र शिकवले आणि त्या अध्यायावर अनेकदा बोललो, परंतु शेवटचे वाक्य असे वाचले नाही. तुमचे आभार मानून दोन-तीन गोष्टींची भर घालतो.

दाविदाच्या प्रश्नात ज्या शब्दाचे भाषांतर आपण ‘दया’ असे करतो, तो मूळ इब्री (हिब्रू) शब्द ‘हेसेद’ आहे. एकशे छत्तिसाव्या स्तोत्रात ‘त्याची दया सनातन आहे’ हे पालुपद सव्वीस वेळा येते, तिथेही हाच शब्द आहे. मराठीत दया म्हटले, की दीनवाण्याकडे पाहून पोटात कालवणे एवढाच अर्थ मनात येतो. हेसेदमध्ये दिलेल्या शब्दाला जागणे आहे. दावीद आणि योनाथान यांनी एकमेकांशी करार केला होता, योनाथान मेल्यानंतरही दावीद त्या कराराला जागला, आणि त्याचे फळ अशा एकाला मिळाले, ज्याला त्या कराराची बहुधा कल्पनाही नव्हती. ‘योनाथानाकरिता’ हा शब्द मला या अध्यायातला सर्वांत मोठा शब्द वाटतो. आपण प्रत्येक प्रार्थनेच्या शेवटी ‘ख्रिस्ताच्या नावाने’ म्हणतो, त्याचा अर्थ हाच आहे. आपण आपल्या विश्वासाच्या वजनावर पंगतीत बसलेलो नाही, दुसऱ्याच्या नावावर बसलेलो आहोत. त्या उपदेशकांनी तुमच्या विश्वासाचे वजन केले, हे म्हणूनच केवळ कठोर नव्हते, ते शिक्षण म्हणूनही चूक होते. इफिसकरांस पत्रात प्रेषित पौल स्पष्ट सांगतो, की तारण कृपेने विश्वासाच्या द्वारे झालेले आहे आणि ते देवाचे दान आहे. दान घ्यायला पुढे केलेला हात म्हणजे विश्वास. हात किती बळकट आहे यावर दानाची किंमत ठरत नाही.

दुसरी गोष्ट. दुःखी माणसाच्या घरी गेलो, की आपण रोमकरांस पत्रातला आठव्या अध्यायाचा अठ्ठाविसावा श्लोक म्हणतो, की देवावर प्रीती करणाऱ्यांना सर्व गोष्टी मिळून कल्याणकारक होतात, आणि तिथेच थांबतो. कल्याण म्हणजे काय, हे एकोणतिसाव्या श्लोकात आहे: पुत्राच्या प्रतिरूपासारखे होणे. पौलाच्या मनातले कल्याण आणि आपल्या मनातले कल्याण यांत केवढे अंतर आहे, हे पुढचा श्लोक वाचल्याशिवाय कळत नाही.

कृतज्ञ

धागा वाचून मी बराच वेळ अस्वस्थ होतो, म्हणून स्पष्ट लिहितो. मला आठ वर्षांपूर्वी कर्करोग झाला होता आणि मी आज जिवंत आहे. उपचार झाले, शस्त्रक्रिया झाली, हे खरेच. तरी त्या काळात मंडळीने माझ्यासाठी केलेल्या प्रार्थना आणि माझे बरे होणे यांचा संबंध मी नाकारू शकत नाही. मी दर वर्षी साक्ष देतो. आता मी गप्प बसावे काय? प्रभू येशूने दहा कुष्ठरोग्यांना शुद्ध केले आणि एकच परत आला, तेव्हा इतर नऊ कुठे आहेत असे त्याने विचारले. परत येऊन उपकार मानणाऱ्याला त्याने असे म्हटले नाही, की बाकीच्या आजाऱ्यांना वाईट वाटेल, तेव्हा तू हळू बोल.

पेरूची सावली

दादा, तुम्ही मुळीच गप्प बसू नये. तुमची साक्ष ऐकून मला आनंदच होईल, आणि हे मी केवळ सौजन्य म्हणून लिहीत नाही. माझी विनंती एवढीच आहे, की साक्षीच्या शेवटी ‘मी विश्वास ठेवला म्हणून’ हे शब्द येऊ नयेत. त्या चार शब्दांनी माझ्यासारख्या आईचे काळीज फाटते. तुमच्याच वॉर्डात, तितक्याच विश्वासाने प्रार्थना करणारा आणि तरीही गेलेला कुणीतरी असेल. तो दहावा कुष्ठरोगी मोठ्याने देवाचे गौरव करत आला आणि प्रभूच्या पायांशी पालथा पडला. आपण कसा विश्वास ठेवला, हे त्याने सांगितले नाही.

कृतज्ञ

ताई, माझ्या शेजारच्या खाटेवर एक शिक्षक होते. ते माझ्यापेक्षा अधिक प्रार्थना करत असत. ते गेले. मी आजवर साक्षीत त्यांचा उल्लेख कधी केला नाही, आणि का केला नाही, हे मला आज तुमचा प्रतिसाद वाचून कळले. या वर्षी मी करीन.

दिंडीवाट

मी ख्रिस्ती नाही. घरात माळकरी परंपरा आहे आणि आषाढीला चालत जाणारा मी तिसऱ्या पिढीतला आहे. हा धागा वाचताना पंगतीच्या उल्लेखाने मला वारीच्या शेवटी होणारा गोपाळकाला आठवला, ज्यात सर्वांची शिदोरी एकत्र कालवली जाते आणि एकमेकांच्या मुखी घातली जाते. कृपा हा शब्दही आमच्याकडे परका नाही. आपल्या करणीने काही होत नाही, विठ्ठलाने उचलून घ्यावे, हे आम्ही रोज म्हणतो. तेव्हा हे वाद घालण्यासाठी विचारत नाही, समजून घेण्यासाठी विचारतो. आमच्याकडे एखाद्याच्या वाट्याला असे दुखणे आले, तर लोक पूर्वकर्माकडे बोट दाखवतात. ते उत्तर मलाही पटत नाही, पण निदान ते उत्तर आहे. तुमच्याकडे देव चांगला आहे, समर्थही आहे, पूर्वजन्म नाही, आणि मुलगा निरपराध आहे. मग त्या मुलाच्या पायांचा जाब तुम्ही कुणाला विचारता?

जुना फळा

आपला प्रश्न इतका सरळ आहे, की त्याला आडवळणाचे उत्तर देणे योग्य होणार नाही. जाब आम्ही देवालाच विचारतो. स्तोत्रसंहितेत ‘हे परमेश्वरा, कोठवर?’ असा आक्रोश पुन्हा पुन्हा येतो, आणि तो प्रार्थना म्हणूनच शास्त्रात जतन केला गेला आहे.

जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनी प्रभूला नेमके आपणच मांडलेले विचारले होते: कुणी पाप केले, याने की याच्या आईबापांनी? प्रभूने दोन्ही नाकारले. शिलोहातील बुरूज पडून अठरा माणसे मेली, तेव्हाही ती इतरांपेक्षा अधिक अपराधी नव्हती, असे त्याने सांगितले. म्हणजे दुखण्यावरून दोष काढण्याची वाट त्याने बंद केली. ‘का’ या प्रश्नाचे उत्तर मात्र त्याने सूत्ररूपाने दिले नाही, आणि ते माझ्याजवळ आहे असा आव मी आणणार नाही. त्याने जे केले ते असे, की तो स्वतः त्या ओरडण्यात सामील झाला. वधस्तंभावर त्याने ‘माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?’ असे विचारले. ख्रिस्ती माणूस देव चांगला आहे असे म्हणतो, ते देवाने सर्व काही समजावून दिले म्हणून नव्हे. आपले ‘का’ देवाने स्वतःच्या तोंडून उच्चारले, एवढ्या आधारावर तो ते म्हणतो. हे उत्तर अपुरे वाटले, तर मी आपल्याला दोष देणार नाही.

दिंडीवाट

अपुरे आहे, पण प्रामाणिक आहे. ओरडणेही प्रार्थनेत धरले जाते, हे मला ठाऊक नव्हते. मी वाचत राहीन.

वसईची वेल

मी वसईची कॅथलिक, आणि गेली बावीस वर्षे परिचारिका म्हणून काम करते, त्यातली बरीच रात्रपाळी. आमच्याकडे आजाऱ्यांना तेल लावून एक संस्कार दिला जातो. माझ्या लहानपणी जुनी माणसे त्याला इतकी घाबरत, की धर्मगुरू तेल घेऊन आले म्हणजे माणूस संपला असेच समजत असत. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे १९६२ ते १९६५ या काळात, स्पष्ट केले, की हा संस्कार केवळ मरणाऱ्यांसाठी नाही, गंभीर आजारी असलेल्या कुणासाठीही आहे. तरीही नातेवाईक अजून मला विचारतात, की सिस्टर, तेल लावल्यावर बरे वाटेल ना? कधी वाटते. बहुतेक वेळा तपासणीचे आकडे तेच राहतात. परंतु ज्याच्या कपाळाला आणि तळहातांना कुणी सावकाश हात लावला आहे, त्याचा श्वास कसा खाली बसतो, हे मी इतक्यांदा पाहिले आहे, की कृपा या शब्दाने मला आता तेच आठवते. आजारी माणसाला इतर वेळी जे हात लागतात, ते सुई टोचण्यासाठी किंवा कूस बदलण्यासाठी लागतात, हे मी माझ्याच हातांबद्दल सांगते.

ताई, तुमच्या मुलाला एक सांगा. येशूची आई मारिया हिला देवदूताने कृपा पावलेली म्हणून हाक मारली, आणि त्याच बाईच्या वाट्याला पुढे वधस्तंभाजवळ उभे राहणे आले. आम्ही जपमाळ ओढताना पुन्हा पुन्हा तिला कृपापूर्ण म्हणतो. दुःख आले म्हणून तिची कृपा ओसरली, असे आम्ही कधीही म्हटलेले नाही.

भीमाथडी

मी दौंड तालुक्यातला आहे आणि केडगावचे मुक्ती मिशन आमच्या घरापासून फार लांब नाही. या धाग्यात ते मिशन उभारणाऱ्या पंडिता रमाबाईंचा उल्लेख अजून कसा आला नाही, याचे मला आश्चर्य वाटते, कारण तुमच्या प्रश्नाला मराठीत त्यांच्याएवढे आयुष्यभराचे उत्तर दुसऱ्या कुणी दिलेले मला माहीत नाही.

त्यांच्या वाट्याला जे आले ते क्रमाने पाहा. दुष्काळात काही महिन्यांच्या आत वडील, आई आणि थोरली बहीण गेली. उरलेल्या भावाबरोबर त्या देशभर पायी फिरत १८७८ मध्ये कलकत्त्याला पोहोचल्या. तिथे त्यांना पंडिता आणि सरस्वती या पदव्या मिळाल्या, आणि दोनच वर्षांत भाऊही गेला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी विवाह झाला आणि १८८२ च्या आरंभी पटकीने ते वारले. तेविसाव्या वर्षी त्या विधवा झाल्या, कडेला तान्ही मनोरमा. पुढे त्या इंग्लंडला गेल्या त्या वैद्यक शिकण्याच्या इच्छेने, पण त्यांना ऐकू कमी येत असे आणि त्यामुळे ते शिक्षण त्यांना घेता आले नाही. ताई, तुम्ही पायांबद्दल लिहिले आहे, म्हणून हे मुद्दाम सांगतो. तो कानांचा दोष त्यांना आयुष्यभर राहिला. केडगावला त्यांच्या हयातीत आत्मिक जागृती झाली, शेकडो मुली आश्रयाला आल्या, दुष्काळातही धान्य पुरले, आणि त्या स्वतः मात्र कमीच ऐकत राहिल्या.

२९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधल्या वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. मला जे सर्वांत मोलाचे वाटते ते त्यानंतरचे आहे. त्यांनी आपल्या साक्षीत स्वतःच सांगितले आहे, की तेव्हा त्यांना ख्रिस्ती धर्म सापडला होता, पण ख्रिस्त सापडला नव्हता. बाप्तिस्म्यानंतर जवळजवळ आठ वर्षांनी, म्हणजे शारदा सदन ही विधवांसाठीची शाळा चालवत असताना, त्यांना उमजले, की तारणासाठी आपण काही मिळवून आणायचे नाही, ते आधीच दिलेले आहे. जी बाई संस्कृत शास्त्रांत पारंगत होती, जिला हजारो श्लोक येत होते असे म्हणतात, जिच्याजवळ देवाला दाखवायला पुष्कळ काही होते, तिने रिकाम्या हातांनी जाणे पत्करले. वर ‘जुना फळा’ यांनी पुढे केलेल्या हाताचा दाखला दिला आहे, तो इथे नेमका लागू पडतो.

आणि ही कृपा त्यांनी खासगी ठेवली नाही. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि तीनशेच्या आसपास मुली आणि विधवा घेऊन आल्या. आपण स्वतः दुष्काळात आईबाप गमावले होते, ते त्या विसरल्या नव्हत्या. ज्या स्त्रियांना समाज पतित म्हणत होता, त्यांच्यासाठी त्यांनी जे घर उभारले त्याचे नाव कृपा सदन ठेवले, आणि अंध स्त्रियांच्या घराला, शुभवर्तमानातल्या आंधळ्या भिकाऱ्यावरून, बार्तिमी सदन. बार्तिमयाला प्रभूने दृष्टी दिली होती. केडगावच्या त्या घरातल्या बायकांना दृष्टी आली नाही; त्यांना ब्रेल शिकवली गेली आणि हाताला काम दिले गेले. हे नाव ठेवताना रमाबाईंना हा फरक दिसला नसेल असे मला वाटत नाही.

शेवटची काही वर्षे त्यांनी मूळ इब्री आणि ग्रीक भाषांवरून पवित्र शास्त्राचे सोप्या मराठीत भाषांतर करण्यात घालवली, आणि त्याची छपाई आश्रमातल्या स्त्रियांनीच केली. १९२१ च्या जुलैमध्ये मनोरमा गेली. म्हणजे ज्या एकुलत्या मुलीवर त्यांनी पुढचे सर्व सोपवायचे ठरवले होते, तीही गेली. त्यानंतर नऊ महिन्यांच्या आत, ५ एप्रिल १९२२ रोजी, भाषांतर हातावेगळे करून त्या वारल्या. ज्यांच्या आयुष्यात सांत्वनापेक्षा वियोगच अधिक झाले, त्या बाईंनी आपल्या साक्षीत देवाला कधीही न संपणारा ठेवा म्हटले आहे. एखाद्या सुखवस्तू माणसाने ते म्हटले असते, तर मी ते बाजूला ठेवले असते.

पेरूची सावली

‘भीमाथडी’ यांचा प्रतिसाद मी मुलाला मोठ्याने वाचून दाखवला. बार्तिमी सदनाच्या ठिकाणी त्याने मला थांबवले आणि ते वाक्य पुन्हा वाचायला लावले. वसईच्या ताईंचा प्रतिसाद मी त्याला वाचून दाखवला नाही, मी तो स्वतःसाठी ठेवला आहे. रोज रात्री दोनदा त्याची कूस बदलावी लागते. मी ते काम उरकत असे. आता जरा सावकाश करते.

रमाबाईंच्या निमित्ताने एक आठवले, ते लिहून ठेवते. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, आणि लक्ष्मीबाईंनी पाच वर्षांनंतर, १९०० मध्ये. मधल्या काळात त्यांचे सोवळे सुटले, म्हणजे कुणाच्याही हातचे खाण्यापिण्याची तयारी आधी झाली आणि बाप्तिस्मा नंतर झाला. माझ्या आजेसासूबाईंना कुणी ताटावर बसवले, आणि लक्ष्मीबाई आपल्या पाटावरून उठून सर्वांच्या ओळीत आल्या. एकच पंगत आहे, पण तिच्यात येण्याच्या वाटा किती निरनिराळ्या आहेत, आणि लक्ष्मीबाईंची वाट मला कमी अवघड वाटत नाही.

जुना फळा

ताई, मफीबोशेथाची गोष्ट नवव्या अध्यायात संपत नाही, हे राहून गेले होते. आपलाच मुलगा अबशालोम याच्या बंडात दावीद यरुशलेम सोडून पळतो, तेव्हा मफीबोशेथाचा चाकर सीबा राजाकडे त्याची चहाडी करतो, आणि राजा त्याची सर्व मालमत्ता सीबाला देऊन टाकतो. राजा परत येतो तेव्हा मफीबोशेथ त्याला सामोरा येतो. राजा गेल्या दिवसापासून त्याने पायांची निगा राखली नव्हती, दाढी नीट केली नव्हती, कपडे धुतले नव्हते. त्याची बाजू ऐकून दावीद म्हणतो, की जमीन तुम्ही दोघे वाटून घ्या. तेव्हा तो म्हणतो, की त्यालाच सगळे घेऊ द्या, माझा राजा सुखरूप घरी आला एवढे पुरे.

इथे दाविदाने न्याय केला असे मला वाटत नाही, आणि मी वर्गात तसे सांगत असे. परंतु मफीबोशेथाचे उत्तर पाहा. पहिल्या भेटीत तो स्वतःला मेलेला कुत्रा म्हणत होता. या भेटीत, पाय तसेच असताना आणि जमीन हातची जात असताना, त्याला राजाच हवा आहे. पौलाने शरीरातला काटा काढण्यासाठी प्रभूला तीनदा विनंती केली आणि ‘माझी कृपा तुला पुरे आहे’ असे उत्तर त्याला मिळाले. त्या ‘पुरे’चा अर्थ मला पौलापेक्षा मफीबोशेथाच्या तोंडून अधिक कळला आहे.

पेरूची सावली

सर, हा भागही आम्ही दोघांनी मिळून वाचला. वाचून झाल्यावर मुलगा बराच वेळ गप्प होता. मला वाटले, जमिनीच्या निवाड्याबद्दल काही विचारील. त्याने विचारले, ‘आई, त्याला रोज पंगतीपर्यंत उचलून कोण नेत असे?’

मी अध्याय पुन्हा उघडला. ते तिथे लिहिलेले नाही. तिथे एवढेच आहे, की सीबाला पंधरा मुलगे आणि वीस चाकर होते, आणि सर्वांना मफीबोशेथासाठी जमीन कसायला सांगितले होते. मुलगा म्हणाला, ‘मग त्यांनी पाळी लावली असेल.’

आमच्या प्रार्थनामंदिराला चार पायऱ्या आहेत. त्याची खुर्ची दर रविवारी तरुण संघातली चार मुले उचलून आत नेतात, आणि त्यांनी खरोखरच पाळी लावलेली आहे; ती यादी त्यांच्यापैकी एकाच्या मोबाइलमध्ये आहे, आणि कोण कुणाऐवजी येणार, यावरून शनिवारी रात्री त्यांचे फोन चाललेले असतात. इतक्या वर्षांत मी त्यांना चहा दिला, आभार मानले, पण देवाच्या चांगुलपणाचा हिशेब मांडताना त्यांना कधी धरले नव्हते. येत्या ३१ डिसेंबरला मी साक्षीसाठी उभी राहणार आहे. काय बोलावे, ते मुलाने सांगितले आहे: त्या चौघांची नावे घ्यायची, आणि शेवटी, पायऱ्यांच्या शेजारी उतार बांधण्याचा विषय पंचांनी अजून घेतलेला नाही, तेही सांगायचे.

कृतज्ञ

उताराच्या सिमेंटचा आणि गवंड्याच्या मजुरीचा खर्च माझ्याकडे लागला. पंचांशी बोलणे झाले, की मला व्यक्तिगत निरोप पाठवा.